चाळीस जणांचे बाबा

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज चर्चच्या भगिनी मंडळात पाळकीणबाईंनी प्रभूची प्रार्थना वाटून दिली, लग्नघरात कामं वाटतात तशी. एकीला रोजची भाकर, एकीला क्षमा, एकीला मोह. मोह जिच्या वाट्याला आला ती लाजली आणि बाकीच्या खो खो हसल्या. प्रत्येकीनं आपल्या वाट्याच्या शब्दांवर एका सोमवारी बोलायचं. माझ्याकडे सुरुवात आली. देवाला बाप म्हणून हाक मारायची, ती.

“तुमचं सगळ्यात सोपं,” पाळकीणबाई म्हणाल्या. “एक तर तुमचं वाचन. आणि घरात वडील आहेत. आमच्यापैकी कितीजणींचे उरलेत? चोवीस तारखेला तुम्हीच नारळ फोडा.”

मी मान हलवली. वाचन म्हणजे काय ते माझं मला माहीत. हे पुस्तकं बांधायचे आणि मी शेजारी बसून फर्मे शिवायची. छापलेल्या मोठ्या कागदाची घडी म्हणजे फर्मा. शिवता शिवता वाचायची. हाताला येईल तो फर्मा, म्हणून कितीतरी पुस्तकं मी मधूनच वाचली आहेत. हे म्हणायचे, “तुझं शिक्षण दुसऱ्या फर्म्यापासून पुढे झालंय.” हे गेले त्याला सहा वर्षं झाली. खिडकीजवळचं दाबयंत्र आता मी चालवते. यांचा ॲप्रन खिळ्याला आहे. तो मी घालत नाही आणि काढतही नाही.

मंडळात बोलता येणार नाही ते लिहायला ही वही शिवली आहे. पहिलंच लिहून टाकते. देवाला बाप म्हणताना माझी जीभ अडखळते. सगळ्यांबरोबर म्हणताना मी ते पहिले शब्द नुसते ओठांनी म्हणते आणि पुढून आवाज लावते. आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

आणि घरात वडील आहेत, तर ते मला ‘बाई’ म्हणतात.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सकाळी त्यांची दाढी केली. पडल्यापासून गेलं वर्षभर ते माझ्याकडे आहेत. शरीर बरं आहे, डोक्यातली घडी विस्कटली आहे. आई गेलेली आठवत नाही, स्वतःचं वय आठवत नाही, मी कोण ते आठवत नाही. कधी दवाखान्यातली बाई समजतात, कधी स्वयंपाकाची. “बाई, मुलांचं झालं का?” असं विचारतात. मी “झालं” म्हणते.

ते अनाथ मुलांच्या वसतिगृहाचे व्यवस्थापक होते. आम्ही तिथेच मागच्या दोन खोल्यांत राहायचो. मुलं चाळीसेक. सगळी त्यांना बाबा म्हणायची. मी सोडून. मला बोलायला येऊ लागलं तेव्हापासून शिकवण एकच, की मास्तर म्हणायचं. मी विचारायची, का? तर म्हणायचे, “तू बाबा म्हणालीस तर तुझा खरा होईल आणि त्यांचा खोटा. त्यांच्याजवळ तेवढा एक शब्द आहे.”

“आणि माझ्याजवळ?”

“तुझ्याजवळ मी आहे ना.”

होते कुठे? जेवायला मुलांच्या पंगतीत, कुणाला ताप आला की त्याच्या उशाशी. साबण वाटायच्या रांगेत मी शेवटची, कारण घरच्या माणसानं मागे उभं राहायचं. आई म्हणायची, “तुझ्या बापाला न्याय कळतो, माया कळत नाही.” लग्न झाल्यावर बाबा म्हणायला कुणाची आडकाठी नव्हती, पण तोवर जिभेला वळण पडलं होतं. मी काहीच न म्हणता बोलायला शिकले. “ऐकलं का” म्हणायची, नवऱ्याला म्हणतात तसं. हे फार हसायचे त्याला.

आता मुलं नाहीत, वसतिगृह नाही, माझं घर आहे. म्हणून आज धीर करून म्हणाले, “बाबा, गाल फुगवा.”

त्यांनी दचकून दाराकडे पाहिलं. मग हळू आवाजात, तोंडाला साबण तसाच, म्हणाले, “मास्तर म्हण. मुलं ऐकतील.”

जगातलं सगळं विसरले, पण मला दूर लोटायचं तेवढं विसरले नाहीत. मी वस्तरा चालवला.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज घारी आली. ती दर रविवारी येते, तिची सुट्टी असते.

घारी म्हणजे वसतिगृहातली. डोळे घारे म्हणून घारी. तीन वर्षांची असताना आली तेव्हा मी पाच-सहाची असेन. आता बसमध्ये कंडक्टर आहे, एकटी राहते. जिन्यातूनच ओरडते, “चला, पुढे सरका, पुढे जागा आहे!” आणि ते पलंगावर बसल्या जागी खरंच पुढे सरकतात आणि हसतात. माझ्या घरात त्यांचं हसू फक्त रविवारी ऐकू येतं.

“घारे, जेवलीस?”

“तुमच्या आधी जेवीन होय? मार खायचाय का?”

घारी! नाव आठवतं. डोळे तरी कुठे धड दिसतात तिचे त्यांना आता? मी सकाळी भरवलेला मऊ भात त्यांनी तोंडातून बाहेर काढला होता. तोच भात, त्याच वाटीतला, तिच्या हातून मुकाट्यानं खाल्ला.

“ताई, तू बस जरा,” ती मला म्हणते. माझ्या घरात मला बसायला सांगते! “सदानकदा उभी. पाय दुखत नाहीत तुझे?”

“मला कामं आहेत.”

“रविवारी कसली कामं? देवानंसुद्धा सुट्टी घेतली होती.”

“देवाला घरात म्हातारं माणूस नव्हतं,” मी म्हणाले.

ती मोठ्यानं हसली. मी विनोद केला नव्हता.

नंतर तिनं त्यांची नखं कापली. मी कापायला गेले तर हात ओढून घेतात. तिच्या मांडीवर हात ठेवून बसले होते, लहान मुलासारखे. ती नखं कापत होती आणि “बाबा, हे बोट द्या, बाबा, आता ते,” असं म्हणत होती. वाक्यागणिक बाबा. मी आत जाऊन खळ ढवळत बसले. खळ पातळ झाली, गुठळ्या राहिल्या. आज बांधलेली दोन पुस्तकं उद्या उकलून पुन्हा बांधावी लागणार.

ती गेल्यावर मी तिचा कप दोनदा घासला. का ते लिहीत नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

चोवीस तारखेची तयारी. पाळकसाहेबांकडून जुनं जाडजूड भाष्य आणलं आहे. कणा तुटलेला, पण सुरुवातीपासून आहे, ही माझ्यासाठी नवलाईच. त्यात लिहिलंय की देवाला बाप म्हणण्यात मोठा दिलासा आहे, कारण बाप सगळ्यांचा सारखा आहे.

लिहिणाऱ्याला बहुधा भावंडं नसावीत.

सारखा म्हणजे काय? चाळीस जणांत सारखा वाटला की एकाच्या वाट्याला किती येतो, हे मला विचारा.

पण आज शिवता शिवता एक गोष्ट मनात आली आणि सुई तशीच राहिली. देवाचा सख्खा मुलगा प्रभू एकटा. बाप म्हणायचा हक्क असेल तर त्याचाच. शिष्यांनी म्हटलं आम्हाला प्रार्थना शिकव, आणि यानं आपल्या ताटातला पहिला घास उचलून त्यांच्या ताटात वाढला. तुम्हीही त्याला बाप म्हणा. मासे धरणारे, कर गोळा करणारे, सगळे. त्याला काहीच वाटलं नसेल? रात्री एकटा डोंगरावर जायचा प्रार्थनेला, तेव्हा मनात आलं नसेल, की आता इथे तरी माझा एकट्याचा?

पण त्यानं आपण होऊन दिला. माझ्याकडून काढून घेतला. फरक आहे.

आणि क्रूसावर, खिळ्यांवर असताना, जेव्हा सगळ्यात जास्त गरज होती, तेव्हा तो देवा म्हणून ओरडला. बाप म्हणून नाही. शेवटी परत बाप म्हणाला हेही लिहिलेलं आहे. पण मधल्या वेळात त्याला तो शब्द तोंडात आणता आला नाही. ते पान आज मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्याच्याविषयी इतकी जवळीक मला आजवर चर्चमध्ये कधी वाटली नव्हती.

हे मंडळात बोलले तर पाळकीणबाईंना भोवळ येईल.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

यांची फार आठवण आली. कशानं असं नाही. धाग्याला मेण लावत होते, एवढंच. हे असते तर म्हणाले असते, “जळतेस तर जळ, पण जवळचे कागद सांभाळ.”

रविवार, १६ फेब्रुवारी

आज ते झालं.

घारी त्यांचे केस विंचरत होती. मी औषध घेऊन उभी. ते माझ्याकडे बोट करून तिला म्हणाले, “या बाई फार चांगल्या आहेत. पण यांनाही घर असेल. सोड यांना लवकर.”

घारी म्हणाली, “अहो बाबा, बाई काय? ही तुमची मुलगी. ताई.”

त्यांनी मला नीट निरखून पाहिलं. मला वाटलं, आता. मग ते हसले आणि घारीला म्हणाले, “चेष्टा करतेस म्हाताऱ्याची? माझी मुलगी लहान आहे. ती मला बाबा म्हणत नाही. मास्तर म्हणते. एवढीशी पोर, पण एकदाही चुकली नाही. एकदाही नाही.” हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

घारीचेही. ती पटकन म्हणाली, “ऐकलंस, ताई?”

ऐकलं. माझ्या तोंडावर सांगितलं, ही माझी मुलगी नाही. आणि तेही तिच्यासमोर. ती डोळे पुसत होती. दया दाखवत होती मला! ज्या पोरीला माझा जुना फ्रॉक घालायला मिळायचा, ती माझ्याच घरात माझी कीव करणार!

ती निघाली तेव्हा मी जिन्यापर्यंत गेले. पदर सावरला आणि सांगितलं, “पुढच्या रविवारी येऊ नकोस. डॉक्टर म्हणालेत, बाहेरचं कुणी नको. संसर्ग होतो.”

“बाहेरचं,” ती म्हणाली.

“डॉक्टरांचा शब्द आहे.”

ती जिना उतरली. नेहमी उतरतानाही काहीतरी ओरडते, आज नाही.

डॉक्टर असं काही म्हणालेले नाहीत. दार लावून घेतल्यावर मला हलकं वाटलं. अगदी खरं लिहिते, मस्त वाटलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

लेकीचा फोन. ती दुसऱ्या गावात असते, शाळेत शिकवते, आणि मीही तिच्या वर्गात असल्यासारखी माझ्याशी बोलते.

“आजोबा काय म्हणतात?”

“खात नाहीत नीट.”

“घारीमावशीला बोलाव. तिच्या हातून खातात.”

“तिला कामं असतात.”

“आई.”

“काय आई?”

“तू जळतेस तिच्यावर.”

“मी कशाला जळू? तिच्याकडे आहे काय? ना नवरा, ना लेकरू, ना आईबापाचं नाव.”

तिकडे शाळेची घंटा वाजली. मग म्हणाली, “तेच म्हणते मी,” आणि वर्ग सुरू झाला म्हणून फोन ठेवला. काय तेच म्हणते? आजकालच्या मुली अर्धं बोलतात.

ते विचारतात, घारी कुठे? मी सांगते, बाहेरगावी गेली. मग विचारतात, कुणी पाठवलं? एकटीला का पाठवलं? तिला अंधाराची भीती वाटते. मी म्हणते, मोठी झाली आता. त्यांना ते पटत नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

घारी आली. वर नाही आली. समोरच्या बस थांब्यावरच्या बाकावर येऊन बसली. रविवारी त्या बाजूनं एकही बस जात नाही, हे तिला नाही तर कुणाला ठाऊक असणार? बराच वेळ आमच्या खिडकीकडे बघत होती. मी पडद्याआड उभी होते. हातात भाताची वाटी. त्यांनी एक घाससुद्धा घेतला नव्हता.

मला वाटत होतं, ये की वर. ये, दार वाजव, भांड माझ्याशी. मग मी चार शब्द सुनावीन आणि मोकळी होईन. ती आली नाही. उठून गेली. बाकावर एक पिशवी ठेवून गेली होती. खाली जाऊन आणली. त्यांच्यासाठी मऊ बिस्किटं होती आणि माझ्यासाठी पायाला लावायचं मलम.

मलम मी फेकून देणार होते. देईन.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आज माझं बोलणं झालं. उत्तम झालं, असं सगळ्या म्हणाल्या.

भाष्यातलं सगळं सांगितलं. बाप म्हणजे पोसणारा, बाप म्हणजे रक्षण करणारा, बापाच्या घरात सर्वांना जागा. आवाजही बरा लागला. बाराजणी होतो, दोघींनी डोळे पुसले. मला मात्र सारखं वाटत होतं, की मी दुसऱ्याच कुणाच्या पुस्तकाला छान कापडी बांधणी करून दिली आहे. आतलं एक पान माझं नाही.

शेवटी सगळ्यात म्हाताऱ्या आजीबाई, ज्या नेहमी पेंगतात, त्यांनी हात वर केला. “ते सगळं बरोबर, बाय. पण तू तुझ्या बापाला काय म्हणतेस?”

“बाबा,” मी म्हणाले.

“आणि ते?”

“ते काय?”

“ओ देतात का?”

“देतात की.”

देवाच्या घरात दोन खोटी वाक्यं, आणि तीही बापावर बोलल्याबरोबर. मग आम्ही सगळ्यांनी उभं राहून प्रार्थना म्हटली. मी पहिले शब्द नेहमीप्रमाणे नुसते ओठांनी म्हटले.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

डॉक्टर घरी येऊन गेले. छाती ऐकली, घसा पाहिला. म्हणाले, गिळता येतंय, पण गिळत नाहीत. अशक्तपणा फार आला आहे. असंच चाललं तर आठवडाही कठीण आहे.

“कुणाची वाट बघतायत का?” त्यांनी सहज विचारलं, बॅग बंद करता करता.

“नाही,” मी म्हणाले.

पलंगावरून ते म्हणाले, “हो.” दोन दिवसांत तेवढा एकच शब्द बोलले.

बुधवार, २६ फेब्रुवारी

भात नाही. दूध दोन चमचे. माझ्या हाताकडे बघतात आणि तोंड मिटतात. मी म्हणाले, “माझ्या हाताला काय काटे आहेत?” मग माझीच मला लाज वाटली.

मी जिंकले तर काय मिळणार, याचा आज दिवसभर विचार केला. घारी येणार नाही, ते असेच जातील, आणि उशाशी मी एकटी असेन. एकटी, म्हणजे मला लहानपणापासून हवं होतं तसं. तेव्हासुद्धा ते मला बाईच म्हणणार. आणि दाराकडेच बघत जाणार.

देवाला सांगितलं, तूच बघ. काय म्हणून हाक मारावी कळेना, म्हणून नुसतं “ऐकलं का” म्हणाले. त्यालाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

शेजारणीला त्यांच्याजवळ बसवलं आणि बस डेपोत गेले. आधी कधी गेले नव्हते. कंडक्टरांच्या विश्रांतीच्या खोलीत घारी बाकावर पाय पसरून चहा पीत होती. एक बूट काढलेला. मला पाहिल्याबरोबर उठून उभी राहिली. चहा हातावर सांडला.

“गेले?”

“नाही.”

ती खाली बसली. हात पुसला. मग म्हणाली, “मग तू इकडे कशी?”

“तुला न्यायला आले.”

“डॉक्टरांची मनाई उठली वाटतं.”

मी तिच्या काढलेल्या बुटाकडे पाहिलं.

“बोल की. डॉक्टर माझ्याच बसनं येतो, ताई. पुढच्या सीटवर बसून पेंगतो. मी विचारलं, संसर्ग कसला झालाय? तो म्हणाला, कुणाला?”

“खोटं बोलले मी.”

“ते मला जिन्यातच कळलं होतं. तू खोटं बोलायच्या आधी पदर सावरतेस. लहानपणी रिबिन सावरायचीस.”

“मग वर का आली नाहीस? दारावर धडका मारायच्या होत्यास.”

“मी कोण धडका मारणारी? मुलगी तू.”

“मुलगी!” मी एवढ्या मोठ्यानं बोलले की कोपऱ्यातला ड्रायव्हर जागा झाला. “मला बाई म्हणतात. बाबा म्हटलं तर दचकून दाराकडे बघतात, मास्तर म्हण म्हणतात. तू बाबा, सगळे बाबा, चाळीसजण बाबा, आणि मी एकटी...”

ड्रायव्हर चहा आणायला म्हणून निघून गेला. शहाणा माणूस.

घारी दुसरा बूट काढत म्हणाली, “तुला माहीत नाही, आम्ही सगळ्या पोरी तुझ्यावर किती जळायचो. बाबा काय, जेवणाच्या घंटेसारखं. कुणीही वाजवावं. मास्तर तू एकटी म्हणायचीस. आम्हाला वाटायचं, ते त्यांचं आतलं नाव आहे. मोरीत जाऊन आम्ही म्हणून बघायचो, मास्तर, मास्तर. मी एकदा जाऊन त्यांनाच म्हणाले.”

“मग?”

“रागावले नाहीत. गालाला हात लावला आणि म्हणाले, ते नाव एकीचंच आहे, बाळ. मी त्या दिवशी जेवले नव्हते.”

ती चांगली आहे, माझं मन राखायला बोलली असेल. चांगल्या माणसांचा मला आज फार राग येत होता. पटलं की नाही ते अजून ठरवलेलं नाही. पण तिनं खोटं बोलताना काय सावरते ते आठवून पाहिलं. घारी खोटं बोललेली मला आठवत नाही.

“उद्या दुपारी पाळी बदलून घेते,” ती म्हणाली. “आता बूट घालू दे, गाडी लागली.”

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

घारी दुपारी आली. गणवेशातच. जिन्यातून ओरडली नाही, बुटांचा आवाजही केला नाही. ते डोळे मिटून पडले होते. तिनं नुसतं “बाबा” म्हटलं आणि त्यांनी डोळे उघडले. चार दिवस मी हाका मारत होते.

“घारे. कुठे होतीस?”

मी दारात उभी होते. म्हटलं, आता सांगेल. सांगू दे. तिचा हक्क आहे.

“ड्यूटी लागली होती, बाबा,” घारी म्हणाली. “सुट्टीच देईनात. ताई रोज निरोप धाडत होती, पण साहेब सोडेल तर शपथ.” आणि वाटी घेऊन भात कालवायला लागली.

म्हणजे घारीला खोटं बोलता येतं. काहीही न सावरता.

मला तिथे उभं राहवेना. आत जाऊन दाबयंत्राजवळ बसले आणि रडायला लागले. हे गेले तेव्हासुद्धा मी तोंडात बोळा घालून रडले होते, शेजारी ऐकतील म्हणून. आज आवाज आवरला नाही. छप्पन्न वर्षांची बाई, नाक गळतंय, हातांना खळ लागलेली.

बाहेरून त्यांचा आवाज आला. क्षीण, पण स्पष्ट. व्यवस्थापकांचा.

“कोण रडतंय?”

घारी काहीतरी पुटपुटली.

“नवीन आलंय का? आण इकडे. एकटं ठेवू नका.”

घारी आत आली. माझं मनगट धरलं आणि मला उठवलं. नवीन मूल आलं की जुन्यांपैकी एकानं त्याला असंच मनगटाला धरून न्यायचं असे. मला पलंगापाशी उभं केलं. त्यांनी हात वर केला, पण पोचेना, म्हणून मी खाली बसले. माझ्या पांढऱ्या केसांवर हात ठेवला. डोळे माझ्याकडे होते, पण बघत होते ते कुणा लहान पोरीला.

“रडायचं तेवढं रडून घे,” ते म्हणाले. “इथे रडण्यावर कुणी रागावत नाही. तुझी गादी आहे, तुझं ताट आहे. तुझं ताट कुणी उचलणार नाही. आधी काय झालं ते मी तुला कधी विचारणार नाही. आजपासून मी तुझा बाबा.”

घारीचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. शब्द न शब्द तिला पाठ होता. तिनं ऐकला होता, त्या सगळ्यांनी ऐकला होता. एका भिंतीपलीकडे राहून मी मात्र कधी नाही, कारण नवीन मूल आलं की आई मला मागच्या खोलीत नेऊन दार लावायची. मला कुणी आत घेतलंच नव्हतं, मी आतच जन्मले होते. आज पहिल्यांदा कुणी म्हणालं, तुझं ताट कुणी उचलणार नाही.

“म्हण,” ते म्हणाले.

मी दाराकडे पाहिलं. सवयच ती.

“घाबरू नकोस. मोठ्यानं म्हण. सगळ्या मुलांना ऐकू जाऊ दे.”

मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले.

“ओ,” ते म्हणाले.

मग थकून डोळे मिटले. थोड्या वेळानं, तसेच डोळे मिटून, घारीला म्हणाले, “हिची गादी तुझ्याशेजारी घाल. पहिला दिवस आहे तिचा.”

तिची जागा माझ्या आधीची आहे, हे मला तेव्हासुद्धा जरा टोचलंच. पण घारीनं माझं मनगट अजून सोडलं नव्हतं, आणि मी ते सोडवून घेतलं नाही.